अधिसभेचे क्षेमकुशल

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ या नावाचा जो कायदा १ मार्च २०१७ पासून अमलात आला, त्यात अधिसभेवर मुख्यतः दोन कामे सोपवलेली आहेत : एक, विद्यापीठाच्या जमाखर्चाच्या अंदाजांना संमती देणे, आणि दुसरे, चालू व भावी अभ्यासक्रमांविषयी समाजाचे म्हणणे विद्यापीठाच्या कानावर घालणे. यांपैकी पहिल्या कामाविषयी कोणाच्या मनात संदेह नाही, कारण पैसा खर्च व्हायचाच असतो आणि त्यावर कोणीतरी शिक्कामोर्तब करायचेच असते. दुसरे काम मात्र वाचताना कायदा करणाऱ्यांच्या अंतःकरणाच्या निर्मळपणाचे कौतुक वाटावे असे आहे. समाजाला काही म्हणायचे आहे, ते विद्यापीठाला ठाऊक नाही, ठाऊक झाल्यास विद्यापीठ त्यावर विचार करील, आणि हे सर्व वर्षातून दोनदा भरणाऱ्या सभेत, भोजनाची सुट्टी वजा जाता, पार पडेल, अशा चार गृहीतांवर ते उभे आहे. हा कायदा घडण्यापूर्वी डॉ. अरुण निगवेकर, डॉ. अनिल काकोडकर आणि डॉ. राम ताकवले या तीन विद्वानांच्या अध्यक्षतेखाली तीन निरनिराळ्या समित्या बसल्या होत्या, आणि विधेयक पुढे विधिमंडळाच्या उभय सभागृहांच्या संयुक्त समितीकडेही गेले होते. तेव्हा ही चारही गृहीते बारकाईने पारखून घेतलेली असणार, याविषयी मी निःशंक आहे.

आमच्या विद्यापीठात (त्याचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही, आपण ज्या विद्यापीठात शिकलात तेच हे, असे समजण्यास माझी हरकत नाही) काही वर्षांपूर्वी असा विचार निघाला की, जी अधिसभा समाजाचा अभिप्राय विद्यापीठाला कळवते तिच्याविषयी समाजाचा अभिप्राय काय आहे, हेही एकदा विचारून घ्यावे. हा विचार कोणाचा, हे अखेरपर्यंत उघडकीस आले नाही. कुलगुरूंच्या दालनात चौकशी केली तर तो कुलसचिवांचा असल्याचे कळे; कुलसचिव तो अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाकडे ढकलीत; आणि त्या कक्षाच्या संचालकांची अशी प्रामाणिक समजूत होती की, वरून तसा खलिता आलेला आहे. ज्या विचाराला जनक नसतो त्याच्या संगोपनासाठी समिती नेमावी असा सरकारी शिरस्ता आहे. त्याप्रमाणे समिती नेमली गेली, आणि सेवानिवृत्त अध्यापकाला रिकामपणावाचून दुसरा उद्योग नसतो या सार्वत्रिक समजुतीस अनुसरून तीवर माझीही वर्णी लागली. समितीचे कार्यक्षेत्र आदेशात असे नमूद होते : ‘सर्व संबंधित घटकांशी विचारविनिमय करून अधिसभेचे कामकाज अधिक परिणामकारक करण्याच्या दृष्टीने उपाययोजना सुचविणे.’ ‘अधिक’ या शब्दावर पहिल्याच बैठकीत एका सदस्याने मार्मिक हरकत घेतली होती. परंतु ती इतिवृत्तात उतरली नाही.

पूर्वी हा खटाटोप करावा लागत नसे. १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्याचा कारभार पाहणारे फेलो सरकार नेमीत असे, व एकदा नेमलेला फेलो तहहयात फेलो राही. जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी यांच्यासारखी माणसे त्यांत होती. त्यांना समाजाचा अभिप्राय कळवण्यासाठी कोणी छापील कागद पाठवण्याची आवश्यकता नव्हती, कारण गिरगावातला समाज सकाळी उठून त्यांच्याच दारात येऊन बसत असे. घटकांची संख्याही आटोक्यातली होती. १८६२ साली विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले ते अवघे चार : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. त्या वर्षी पदवीधर मतदारसंघ अस्तित्वात असता, तर तो एका बाकावर मावला असता आणि त्याचा अभिप्राय एका दुपारी घेऊन झाला असता. त्यांत रानडे आणि भांडारकर असल्यामुळे तो अभिप्राय साधार, सप्रमाण व प्रदीर्घ निघाला असता, आणि तो वाचून पाहण्यास सरकारला निराळा अंमलदार नेमावा लागला असता, ही गोष्ट वेगळी. तथापि उत्तम अभिप्राय उत्तम माणसाने दिला म्हणजे तो लवकर रुजू होतो, असेही नाही. हेच रानडे पुढे फेलो झाले आणि विद्यापीठात मराठीला पुन्हा स्थान मिळावे म्हणून वर्षानुवर्षे झगडले, एम. ए.च्या परीक्षेत मराठीचा शिरकाव झाला तो त्यांच्या आयुष्याच्या अगदी अखेरीस. १९०१ साली ते निवर्तले. आमच्या समितीला मुदत तीन महिन्यांची होती.

पुढे लॉर्ड कर्झन यांच्या दृष्टीस असे पडले की तहहयात फेलोंची गर्दी फार झाली आहे आणि त्यांतील पुष्कळांना फेलो असणे हाच विद्याव्यासंग वाटतो. १९०४ च्या कायद्याने त्यांनी मुंबईच्या सीनेटवर शंभराची मर्यादा घातली, मुदत पाच वर्षांची केली, वीस जागा निवडणुकीला सोडल्या आणि उरलेल्यांची तजवीज सरकारच्या पसंतीवर सोपवली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात या विधेयकाला कसून विरोध केला, मुंबईत फिरोजशहा मेहतांनी त्यावर तोफा डागल्या, आणि विधेयक मंजूर झाले. विरोधाची नोंद घेण्यात आली, असे त्या वेळच्या दफ्तरातही लिहिलेले असेलच. तेव्हापासून आजवर कायदे अनेक आले आणि गेले : मुंबईचा १९२८ चा, पुण्याचा १९४८ चा, मग १९७४ चे, मग सर्व विद्यापीठांना एका दोरीत ओवणारा १९९४ चा, आणि आता हा २०१६ चा. प्रत्येक कायद्याने सीनेटची रचना मोडून नव्याने मांडली. ‘अधिसभा’ हे नाव रूढ झाले. परंतु प्रत्येक नव्या रचनेनंतर जुने सदस्य नव्या कलमांखाली त्याच खुर्च्यांवर बसलेले आढळत, याचा मी स्वतः साक्षीदार आहे.

आताच्या रचनेत कोण कोण आहे ते सांगू लागलो तर हा लेख राजपत्राचे रूप घेईल. प्राचार्य आहेत, संस्थाचालक आहेत, अध्यापक आहेत, विद्यार्थी परिषदेचे प्रतिनिधी आहेत, विधिमंडळाचे सदस्य आहेत, स्थानिक स्वराज्य संस्थांचे लोक आहेत, आणि शेती, सहकार, समाजकार्य, विधी, बँकव्यवहार, संस्कृती इत्यादी क्षेत्रांतील ज्या व्यक्तींना या सर्व वर्गांत कोठेच जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी कुलपतींची नामनिर्देशने आहेत. परंतु या सगळ्यांत माझ्या विशेष कुतूहलाचा विषय म्हणजे नोंदणीकृत पदवीधर. अधिसभेत त्यांच्या दहा जागा असतात व त्यांपैकी पाच राखीव असतात. पदवी मिळाल्याने मनुष्य पदवीधर होतो, पण नोंदणीकृत पदवीधर होत नाही. त्यासाठी त्याला अर्ज करावा लागतो, आणि त्या अर्जासोबत, जी पदवी विद्यापीठाने स्वतःच्या हस्ताक्षराने व मुद्रेने त्याला दिली, ती विद्यापीठाने दिल्याचा पुरावा विद्यापीठाला सादर करावा लागतो. आपणच लिहिलेल्या कागदावर इतका अविश्वास दाखवणारी दुसरी संस्था मला ठाऊक नाही. साहजिकच स्वयंस्फूर्तीने नोंदणी करणारा पदवीधर विरळा. बहुतेकांची नोंदणी दुसऱ्या कोणाच्या स्फूर्तीने होते : निवडणुकीच्या आधीच्या वर्षी गल्लीतला एक हसतमुख कार्यकर्ता कोरे अर्ज घेऊन येतो, पदवीची छायाप्रत मागतो, सही घेतो, आणि ‘बाकीचं आम्ही बघतो, काका’ असे सांगून जातो. या ‘बाकीच्या’मध्ये मतदार कोणाला मत देणार याचाही अंतर्भाव असतो, हे काकांना मतदानाच्या दिवशी मोटार दाराशी आल्यावर कळते.

मतदानही साधे नाही. तेथे फुली मारायची नसते. उमेदवारांच्या नावांसमोर १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे असतात. मतपत्रिका वर्तमानपत्राच्या पानाएवढी होऊ शकते, आणि गणिताच्या ज्या अध्यापकाने पस्तीस वर्षे मुलांचे गुण बेरजेच्या चुकीसाठी कापले, त्याचीही मतपत्रिका दोन उमेदवारांना पहिली पसंती दिल्यामुळे बाद झालेली माझ्या माहितीत आहे. मग मतमोजणी सुरू होते. कोटा ठरतो, विजयी उमेदवाराची जादा मते अपूर्णांकांनिशी पुढच्याला बहाल होतात, तळचा उमेदवार गळतो, त्याचीही मते वाटली जातात, आणि हा व्यवहार रात्र उलटून गेली तरी चालू राहतो. पहाटे चहा घेऊन डोळे चोळणाऱ्या केंद्राधिकाऱ्याला आपण पदवीधरांची इच्छा मोजतो आहोत की व्याजाचा हिशेब करतो आहोत, याचा उलगडा होईनासा होतो. इतक्या सूक्ष्म यंत्राने मतदाराची सातवी पसंतीसुद्धा टिपली जाते. निवडून आल्यावर पाच वर्षे त्याची पहिलीही पसंती कोणी विचारीत नाही, हा या यंत्राचा दोष म्हणता येणार नाही. ते त्यासाठी बनवलेलेच नाही.

असो. आमच्या समितीने प्रश्नावली तयार केली. तिचा मसुदा करण्याचे काम व्यवस्थापनशास्त्राच्या एका तरुण प्राध्यापकाकडे होते व त्याने ते उत्साहाने केले. पहिलाच प्रश्न असा होता : ‘अधिसभेच्या कामकाजासंबंधी आपणांस उपलब्ध होणाऱ्या माहितीची पातळी आपल्या अपेक्षांशी कितपत सुसंगत आहे?’ आणि त्याखाली पाच चौकोन : पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णतः असहमत. ‘कितपत’ असे विचारलेल्या प्रश्नाला ‘सहमत’ हे उत्तर कसे संभवते, अशी शंका इंग्रजीच्या निवृत्त विभागप्रमुखांनी विनयाने काढली. त्यावर, हा नमुना मंजूर आहे, असे त्यांना तितक्याच विनयाने सांगण्यात आले. अशा नमुन्यांची मंजुरी कोण देते हे विचारण्याचा प्रघात नाही.

प्रश्नावली सर्व संलग्न महाविद्यालयांच्या प्राचार्यांकडे ‘अत्यंत तातडीचे’ असा शेरा मारून रवाना झाली. आता येथे वाचकाला एक गुपित सांगितले पाहिजे. महाविद्यालयांत अभिप्रायाचे कागद हा नवा पदार्थ नाही. १९९४ साली बंगळुरास राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले ‘नॅक’, स्थापन झाली, आणि तिच्या निकषांत विद्यार्थी, अध्यापक, माजी विद्यार्थी व नोकरी देणारे यांचे अभिप्राय घेण्याला गुण ठेवले गेले. त्यातही पायऱ्या आहेत. अभिप्राय नुसता गोळा केला तर थोडे गुण. गोळा करून त्याचे विश्लेषण केले तर अधिक. विश्लेषणानंतर त्यावर कृतीही केली तर त्याहून अधिक. मनुष्याच्या बोलण्याकडे लक्ष देण्याच्या क्रियेचे इतके रेखीव सोपान मी अध्यात्मातही पाहिलेले नाहीत. परिणामी प्रत्येक महाविद्यालयात एक कपाट, आणि कपाटाचा एक अधिष्ठाता कारकून, असा बंदोबस्त झालेला आहे. आमची प्रश्नावली त्याच कपाटाशी पोहोचली. आठवड्याभरात काही महाविद्यालयांतून गठ्ठे आले. त्यांतील शेकडो विद्यार्थ्यांनी एकाच निळ्या शाईने, एकाच वळणाच्या अक्षरात, एकाच दिवशी, अधिसभेविषयी नितांत समाधान व्यक्त केले होते. एका गठ्ठ्यात पालकांचे अभिप्रायही त्याच अक्षरात होते, आणि उद्योजकांचेही. त्या कारकुनाला मी पुढे एका समारंभात भेटलो. सालस गृहस्थ होता. तो म्हणाला, “सर, प्रत्येकाला विचारत बसलो तर वेगवेगळं लिहितील. मग विश्लेषण कोण करणार?” या युक्तिवादातले सामर्थ्य नाकारण्याचे धैर्य मला झाले नाही.

जे अभिप्राय खरोखर ज्याचे त्याने लिहिले होते, त्यांत ‘तटस्थ’ हा चौकोन प्रचंड बहुमताने विजयी झाला. हे स्वाभाविकच होते. अध्यापकाने भरलेला कागद प्राचार्यांच्या हातून जाणार, प्राचार्यांचा संस्थेच्या कार्यालयातून, आणि खाली नाव, पद व सही अनिवार्य. लग्नाच्या पंगतीत यजमान वाढप्यामागून फिरत ‘सावकाश होऊ द्या, कसं झालंय जेवण?’ असे विचारू लागला म्हणजे आमटीत मीठ कमी आहे असे सांगणारा पाहुणा जसा भेटत नाही, तसा वरिष्ठांच्या मार्फत वरिष्ठांविषयी मत कळवणारा अध्यापकही भेटत नाही. तो मत बाळगतो, आणि ते अत्यंत परखड असते. परंतु ते विभागाच्या चहाच्या टेबलावर, दार लोटून घेतल्यावर, आणि शक्यतो समोरचा दुसऱ्या संघटनेचा नाही याची खात्री करून घेतल्यावर प्रकट होते. त्या टेबलावर विद्यापीठाच्या कारभाराची जी चिकित्सा होते तिची तुलना करण्याजोगे वाङ्मय कोणत्याही समितीच्या अहवालात नाही. तिचे इतिवृत्त लिहिले जात नाही, म्हणूनच ती होऊ शकते.

विद्यार्थ्यांची गोष्ट निराळी. त्यांना भीती कमी आणि प्रश्न एकच. एका विद्यार्थिनीने लिहिले होते : ‘अधिसभेत आमचा प्रतिनिधी असतो हे आम्हांला या प्रश्नावलीवरून समजले. त्याबद्दल आभारी आहे.’ एका मुलाने प्रत्येक प्रश्नापुढे, चौकोनांकडे सर्वस्वी दुर्लक्ष करून, ‘निकाल कधी?’ एवढेच लिहिले होते. आणखी एकाने ‘आपल्या अपेक्षा’ या मथळ्याखाली फक्त ‘एटीकेटी’ असे लिहून त्याला दोन रेघांनी अधोरेखित केले होते. यात हसण्यासारखे काही नाही. परीक्षेच्या अखेरच्या दिवसापासून तीस दिवसांत, आणि काही झाले तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत निकाल लावावा, असे खुद्द अधिनियमच सांगतो. तेव्हा त्या मुलाचा प्रश्न हा कायद्याचा यथार्थ अभ्यास होता. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने सगळ्या उत्तरपत्रिका एकदम संगणकाच्या पडद्यावर तपासावयास घेतल्या, निकाल रखडले, कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदतही टळली, आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात समाजाने विद्यापीठाला जो अभिप्राय कळवला तो गोळा करण्यासाठी कोणतीही प्रश्नावली काढावी लागली नव्हती. त्यात तटस्थ कोणी नव्हते.

पालकांच्या कागदांत मला एक दोन्ही बाजूंनी भरलेला कागद सापडला. तालुक्याच्या गावाहून आलेला. लिहिणारा शेतकरी असावा, अक्षर पाटीवर गिरवलेले. त्याने प्रश्नावलीतील एकाही चौकोनाला हात लावला नव्हता. मागच्या कोऱ्या बाजूवर त्याने लिहिले होते की, आपली मुलगी विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे; नव्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिके वाढल्यामुळे ती साडेपाचला सुटते; गावाकडची शेवटची एस. टी. पाचला जाते, म्हणून आठवड्यातून तीन दिवस मुलगी मामाकडे राहते, मामाच्या घरी जागा नाही, आणि पुढच्या वर्षी तिला कला शाखेत घालावे की काय असा विचार चालू आहे, तरी साहेबांनी प्रात्यक्षिक सकाळी ठेवण्याची कृपा करावी. मी हा कागद पुनःपुन्हा वाचला. चालू अभ्यासक्रमाविषयी समाजाचे म्हणणे यापेक्षा नेमक्या शब्दांत मांडता आले असते असे मला वाटत नाही. विषय आहे, कारण आहे, परिणाम आहे आणि उपायही आहे, तोही बिनखर्चाचा. परंतु समितीने अभिप्रायांच्या वर्गीकरणासाठी तीन रकाने केले होते : अनुकूल, प्रतिकूल आणि संदर्भहीन. हा कागद तिसऱ्या रकान्यात पडला, कारण प्रश्न अधिसभेविषयी होता आणि उत्तर एस. टी.विषयी होते. मी आग्रह धरला तेव्हा त्याची एक प्रत परिवहन महामंडळाच्या विभागीय कार्यालयाकडे ‘उचित कार्यवाहीसाठी’ पाठवण्यात आली, आणि जावक क्रमांक पडल्याबरोबर आमच्या दृष्टीने ते प्रकरण निकालात निघाले. तिसऱ्या रकान्यातले उरलेले कागद मी नंतर सवडीने चाळले. वाचनीय असे जे काही होते ते सगळे तेथे होते.

समितीने अधिसभेचे प्रत्यक्ष कामकाजही पाहावे असे ठरले, म्हणून मार्चमधल्या अंदाजपत्रकीय सभेला आम्ही मागच्या रांगेत जाऊन बसलो. ३१ मार्चपूर्वी अंदाजपत्रक संमत झालेच पाहिजे, त्यामुळे या सभेला एक प्रकारची निकड असते, आणि ती सदस्यांच्या मुद्रेवर सकाळी अकरा वाजता स्पष्ट दिसत होती. पहिला विषय मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. एका सदस्याचे म्हणणे पडले की मागील सभेत आपण ‘तीव्र निषेध’ केला होता आणि इतिवृत्तात नुसताच ‘निषेध’ आला आहे. दुसऱ्यांनी हरकतीचा मुद्दा उपस्थित केला. तिसऱ्यांनी तो हरकतीचा नसून औचित्याचा आहे असे प्रतिपादले. चौथे उभे राहिले ते केवळ आपण उभे आहोत हे पाचव्यांच्या ध्यानात यावे म्हणून. निषेधाला त्याची तीव्रता परत मिळेपर्यंत साडेबारा वाजले. मग मागील ठरावांवरील कृती अहवाल आला. हा वाङ्मयप्रकार ज्यांनी वाचला नसेल त्यांनी अवश्य वाचावा. त्यातील क्रियापदे ठरलेली असतात : संबंधित विभागास कळविण्यात आले आहे, बाब धोरणात्मक असल्याने शासनाचे मार्गदर्शन मागविण्यात आले आहे, समिती गठित करण्यात येत आहे, कार्यवाही सुरू आहे, नोंद घेण्यात आली आहे. सगळी कर्मणी आहेत; कर्ता कोठेच नाही. वसतिगृहाच्या गळक्या छपराविषयीचा एक ठराव त्यात चार वर्षे ‘सुरू’ होता, आणि एवढ्या काळात छपरानेही आपले काम अखंड सुरू ठेवले होते.

दीड वाजता भोजन. पदार्थांविषयी मी काही म्हणणार नाही, कारण या एका विषयावर सर्व घटकांत एकमत होते. अडीच वाजता सभा पुन्हा भरली तेव्हा सभागृहात खुर्च्या पुष्कळ आणि सदस्य मोजके असे चित्र होते. गणपूर्तीचा प्रश्न काढणारे सदस्यही गेलेले असल्यामुळे तो प्रश्न निघाला नाही. कोट्यवधी रुपयांचे अंदाजपत्रक, ज्यात ग्रंथालयाची तरतूद कापली होती आणि वाहनांची वाढवली होती, चहा येण्याच्या आत संमत झाले.

चहा घेऊन येणारा शिपाई आमच्या रांगेपाशी थबकला. त्याने अनेक कुलगुरू आणि त्याहून अधिक अधिसभा पाहिल्या होत्या. हातातला ट्रे न डुगडुगवता तो मला हळूच म्हणाला, “सर, तुम्ही ते सुधारणेचं विचारताय ना? एक सांगू का? आपली माणसं जेवणापर्यंतच असतात. जुनी गाडी साडेतीनची आहे लांबच्यांना, आणि जवळच्यांना घर आहे. पैशाचा विषय सकाळी घ्या, नाहीतर जेवण चारला ठेवा. अजून काय करायचं नाही.” हे निदान ऐकून मी अवाक् झालो. आमच्या घटकांच्या यादीत शिपाई हा घटक नव्हता, त्याला प्रश्नावली दिलेली नव्हती, आणि सबंध विद्यापीठात प्रश्नावलीचे उत्तर ठाऊक असलेला तो एकटाच होता.

अहवालात हे कसे आणायचे यावर समितीत बराच खल झाला. शिपायाचे मत म्हणून ते जाऊ शकत नव्हते, कारण रकाना नव्हता. माझे म्हणून गेले असते तर त्याला कोणी किंमत दिली नसती. अखेर व्यवस्थापनशास्त्राच्या त्या तरुण प्राध्यापकाने मार्ग काढला व ‘सभाव्यवस्थापनाचा दीर्घ अनुभव असलेल्या तज्ज्ञांशी झालेल्या चर्चेत असे निदर्शनास आले की’ अशा शब्दांत ते परिशिष्टात घातले. मुख्य अहवालात आलेख होते, रंगीत वर्तुळे होती, आणि ‘तटस्थ’ प्रतिसादांचे प्राबल्य हे घटकांच्या परिपक्वतेचे द्योतक आहे असा निष्कर्ष होता. मुख्य अहवालाची नोंद घेण्यात आली. परिशिष्टातील सूचना मात्र, ती परिशिष्टात असल्यामुळे कोणी वाचली नसावी म्हणून की काय, जशीच्या तशी मान्य झाली, आणि पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकीय सभेला जमाखर्चाचा विषय प्रथम व भोजन चार वाजता अशी विषयपत्रिका निघाली.

त्या सभेत ग्रंथालयाच्या तरतुदीवर तास-दीड तास चर्चा झाली. वाहनांच्या खर्चाबद्दल प्रश्न विचारले गेले. वित्त व लेखा अधिकाऱ्यांना दोनदा पाणी प्यावे लागले. आणि कापलेल्या रकमेतला काही भाग ग्रंथालयाला परत मिळाला. तीन वाजून गेल्यावर सभागृहात एक अस्वस्थ शांतता पसरली, ज्येष्ठ सदस्य घड्याळाकडे व दाराकडे आलटून पालटून पाहू लागले, आणि साडेतीनच्या सुमारास एका संस्थाचालकांनी उभे राहून, विषयपत्रिकेवर नसलेला परंतु निकडीचा म्हणून, एक ठराव मांडण्याची अनुज्ञा मागितली : यापुढे भोजनाची वेळ पूर्ववत दीडची असावी. अनुमोदन देण्यास प्राचार्य, अध्यापक, पदवीधर आणि विद्यार्थी या चारही वर्गांतून एकाच वेळी हात वर झाले. चर्चा झाली नाही, कोणी तटस्थ राहिले नाही, आणि कृती अहवालात त्या ठरावासमोर पुढच्याच सभेला ‘कार्यवाही पूर्ण’ असा शेरा पडलेला मी वाचला.